शेऱ्याचा रकाना

शाळेतला बाबू शिक्षणात मोडत नाही. पगारबिलं, शालार्थ, दाखले, आवक-जावक, शिष्यवृत्तीचे अर्ज, जनरल रजिस्टर हे त्याचं जग, आणि मुलांशी संबंध त्यांच्या जन्मतारखेपुरता. याचा एक परिणाम असा की मास्तर लोक माझ्यासमोर मोकळे बोलतात. आमच्या कार्यालयाला लागूनच स्टाफ रूम आहे. मधलं प्लायवूडचं पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही. कूलर बंद असला की पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"या बॅचच्या डोक्यात भुसा आहे." "खिचडी तं आठवीतच बंद झाली, आता कायले येतात हे?" पोळ्याच्या आसपास, आमच्या नागपुरात मारबतीचे पुतळे निघतात तेव्हा, तर विनोद ठरलेला असतो: "इडा-पीडा, रोगराई, नववी ब ले घेऊन जाय गे मारबत!" हसू मलाही येतं, कारण विनोद चांगला आहे. सत्तर पोरांच्या वर्गात सलग तीन तास ओरडून आलेला आणि सुट्टीच्या दिवशी बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणारा माणूस कुठेतरी तोंड मोकळं करणारच. अशा बोलण्याच्या तक्रारी करत बसलं तर महाराष्ट्रातली एकही शाळा चालायची नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही आहे.

आमच्याकडे शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून आलेल्या एक तरुण मॅडम आहेत. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं, मानधन 18,000. त्यांना हे पटत नव्हतं. एकदा कार्यालयात येऊन दार लोटून घेतलं आणि विचारलं, "बाबूजी, स्टाफ रूममध्ये मुलांबद्दल जे बोलतात, त्याची तक्रार नेमकी कुठे करतात?"

मी सांगितलं. आधी मुख्याध्यापक, मग संस्थेची शाळा समिती, मग सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मुलाच्या जिवाशी आलं तर चाइल्डलाइन, 1098. दारात तक्रारपेटी आहेच. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासन निर्णय आला तेव्हा तिला नवं कुलूप लागलं. निनावी अर्ज बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना फाइलबंद, आणि नाव घालून केला की पहिला प्रश्न येतो, तुम्ही कायम आहात का? मॅडम कायम नव्हत्या. "बोलणं हवेत जातं, मॅडम," मी म्हटलं. "त्यावर चौकशी उभी राहत नाही. कागद असेल तर बघू."

तो कागद 1 मेला माझ्याच टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं.

निकालाचा दिवस. सकाळी झेंडावंदन, मग वर्गावर्गांत प्रगतिपुस्तकं, आणि दहा वाजेपर्यंत अंगाची काहिली. गणिताचे सर नववी ब चे वर्गशिक्षक. त्यांनी निकालपत्रकाची फाइल आणून ठेवली आणि म्हणाले, "बाबू, मागं एक यादी टाचली आहे. पालक येतील, त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून ठेवा."

यादीत सात नावं होती. अनुक्रमांक, नाव, प्रवर्ग, नापास विषय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या सुवाच्य अक्षरात: "बाप हमाल. घरी वातावरण नाही." "मंद." "धुणीभांडी करते, एक-दोन वर्षांत लग्न होईल." आणि पाचव्या नावापुढे: "जमातच चोरांची. सुधारणा अशक्य."

या कागदाचा हिशेब बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून सांगतो. दहावीचा निकाल हा शाळेचा चेहरा. तो शंभराच्या जवळ आला की गेटवर फ्लेक्स लागतो. नववीत जो कच्चा दिसतो त्याला दहावीत घेतलं तर टक्का पडतो. मग पालकाला बोलावून प्रेमाने सांगायचं, दाखला घेऊन जा, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. म्हणजे खाजगी विद्यार्थी. त्याचा निकाल मंडळ वेगळा धरतं, शाळेच्या माथी काही येत नाही. कागदोपत्री पालकानेच अर्ज केलेला असतो, त्यामुळे शाळेने कुणाला काढलं असं कुठेही दिसत नाही. त्यातली किती पोरं पुढे तो फॉर्म भरतात, हे विचारायला कोणी जात नाही.

आणि हीच शाळा दर जूनमध्ये त्याच वस्त्यांत हात जोडून फिरते. पटावर संचमान्यता, म्हणजे शासनाची पदमंजुरी, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. पाचवीला पोरं कमी पडली तर कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग भर उन्हात भांडेवाडीपासून कळमन्यापर्यंत गल्लीबोळ पालथे घालायचे, दप्तर देतो, गणवेश देतो, ऑटोचं बघतो, फक्त पोराला आमच्याकडे टाका. पाचवीला पट पाहिजे आणि दहावीला टक्का पाहिजे. या दोन गरजांच्या मधे नववी ब येते.

साडेअकराच्या सुमारास पाचव्या नावाची आजी आली. कळमन्याला मिरचीचे देठ तोडायला जाते. बोटं लालसर, आणि डोळ्याला पदर लावायचा तर मनगटाने लावते, बोटाने नाही. सोबत नातू, शर्टाची वरची बटणं लावून. तिने घडी घातलेला अर्ज पुढे केला. दाखला मिळण्याबाबत विनंती अर्ज. खाली आजीचा अंगठा आणि वरचा सगळा मजकूर सरांच्या अक्षरात.

"दाखला कशाला पाहिजे, बाई?"

"मले कायले पाहिजे? सरनं बलावलं. म्हने अंगठा लाव, पोट्ट्याचं भलं होईन."

"कारण लिहिलंय, घरगुती अडचण. काय अडचण आहे?"

ती नातवाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "अडचन तं लय हायेत जी. पर शाळेची कोनती हाये, हे तुमीच सांगा."

नातू खाली बघत होता. तो मध्येच म्हणाला, "सर म्हणते, आमच्या जातीचे नाही शिकत." तक्रारीच्या सुरात नव्हे. घरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, शिपाईभाऊंना माठातलं पाणी द्यायला सांगितलं, आणि जनरल रजिस्टर काढलं. जन्मतारखेप्रमाणे 15 वर्षं पूर्ण. इथे कायदा हातातून निसटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारहाणीसोबत मानसिक छळालाही बंदी आहे, आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण त्या कायद्यातलं बालक 6 ते 14 वर्षांचं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत टोमणे, नावं ठेवणं, आईबापांच्या धंद्यावरून किंवा जातीवरून हिणवणं हे सगळं मानसिक छळात धरलं आहे. वाचायला चांगल्या आहेत. आमच्या कपाटात त्यांची प्रत नाही, यावरून त्यांचं वजन कळावं.

दुपारी स्टाफ रूममध्ये कुजबुज सुरू झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ॲट्रॉसिटी लागते का काय. तेही लागत नव्हतं. मुलगा विमुक्त जातीतला, रजिस्टरात प्रवर्ग व्हीजे. तो कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. या लोकांना जन्माने गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला इंग्रजांचा कायदा 1952 साली रद्द झाला; सरांनी तो तेवढ्या एका रकान्यात चालू ठेवला होता.

तर तक्रार करायची की नाही? खरं सांगायचं तर गणिताचे सर वाईट मास्तर नाहीत. दहावीला ते जानेवारीपासून सकाळी सातला फुकट जादा तास घेतात. दोन मुलींची परीक्षा फी त्यांनी खिशातून भरलेली आहे, पावती मीच फाडली होती. त्यांच्यावर नियम 36 ची चौकशी लागावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. खाजगी शाळा सेवाशर्ती नियमावली, 1981 मधला हा नियम. तीन जणांची समिती, आरोपपत्र, बचावाचं निवेदन, आणि वर्षभर सगळी शाळा दोन गटांत. शेवटी मुलं तिथेच राहतात.

पण पार्टिशनपलीकडचं बोलणं आणि हा कागद मला एक वाटेना. तिथे "मंद" म्हटलं की वाऱ्यावर जातं. इथे "मंद" लिहिलं की माझ्या हातून दाखला निघतो, मुख्याध्यापिकांची सही होते, आणि एक मुलगी शाळेतून वजा होते. या शेऱ्यावर अंमलबजावणी होणार होती, आणि ती करणारा मी होतो.

मग जे येतं ते केलं. बाबूला टिप्पणी लिहिता येते.

आधी यादी आवक नोंदवहीत चढवली. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, पाने 1. शिक्का मारला. एकदा आवक क्रमांक पडला की कागद हरवत नाही. हरवला तर कुणीतरी हरवावा लागतो. मग टिप्पणी: "इयत्ता 9 वी (ब) चे वर्गशिक्षक यांजकडून प्राप्त यादी सोबत सादर. यादीतील 'शेरा' या रकान्याचे कृपया अवलोकन व्हावे. दाखल्यावर व जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडण्याचे कारण' म्हणून सदर शेरे जसेच्या तसे नोंदवावेत किंवा कसे, याबाबत लेखी आदेश व्हावेत. अनुक्रमांक 5 च्या पालकांनी स्वेच्छेने अर्ज केला नसल्याचे समक्ष सांगितले आहे. आदेशार्थ सादर."

मुख्याध्यापिका मॅडमनी ती उभ्याउभ्याच वाचली. मग बसून वाचली.

"बाबू, हे तोंडी नाही का सांगता आलं?"

"तोंडी सांगितलं असतं तर तुम्हीही तोंडीच सांगितलं असतं, मॅडम."

त्यांनी आवक क्रमांकावर बोट ठेवलं. "हा काहून टाकला?"

"यादी कार्यालयात आली. नोंद करणं माझं कामच आहे."

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, संस्थाचालकांना रोज फोन करावा लागतो. चिडल्या, हे मी समजू शकतो. बराच वेळ बोलल्या. शाळेची बदनामी, इतकी वर्षं एकत्र काम, मला आताच कुठून सुचलं, कुणी शिकवलं. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी सरांना बोलावलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. पार्टिशन तिकडेही तसंच आहे, पण त्या दिवशी कूलर चालू होता.

सर बाहेर आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त जड गेलं. "बाबू, जे मी स्टाफ रूममध्ये बोलतो तेच लिहिलं. तेव्हा तुम्ही हसता. मग फरक काय पडला?"

"तेव्हा मला दाखला काढावा लागत नाही, सर."

"त्या पोट्ट्यानं खरंच दोनदा मोबाईल उचलला आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"मग ते लिहा. तारीख टाका, कोणाचा मोबाईल ते लिहा, पालकांना बोलावल्याची नोंद करा. त्याच्या जमातीने काय केलं, ते शाळेच्या रजिस्टरात बसत नाही."

त्यांनी पेन काढला, बहुधा यादीवर काट मारायला, आणि शिक्का बघून परत खिशात ठेवला.

संध्याकाळपर्यंत टिप्पणीवर आदेश आला. यादी रद्द समजावी. पालकांच्या लेखी व समक्ष मागणीशिवाय दाखला देऊ नये. संबंधित शिक्षकांना लेखी समज देण्यात यावी. समजपत्र मीच टाइप केलं, चार ओळींचं. या सातांखेरीज आणखी दोघांचे दाखले आठवड्याभरापूर्वीच गेले होते, तेव्हा यादी नव्हती आणि कारण घरगुती होतं. त्या दोन घरी शिपाईभाऊंना पाठवलं. एक कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलं होतं. दुसऱ्याने सांगितलं, पोरगी आता कामाला लागली.

शिक्षण सेविका मॅडमना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, टिप्पणीची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना जायला हवी होती, समजपत्राने माणूस बदलत नाही, आणि पुढच्या वर्षी यादी तोंडी येईल. त्यांचा शेवटचा मुद्दा मला खोडता आला नाही. उलट संघटनेचे एक पदाधिकारी येऊन सांगून गेले की बाबूने मास्तरांच्या शेऱ्यात पडू नये. दोघांनाही मी चहा पाजला. प्रत अजून गेलेली नाही. फाइलमध्ये आहे, क्रमांकासह.

विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे पट गोळा करायला आम्हाला थोडे दिवस जास्त मिळतात. मुख्याध्यापिका मॅडमनी वस्त्या वाटून दिल्या. गणिताचे सर आणि मी, एकाच गटात. मुद्दाम केलं असावं. तिसऱ्या गल्लीत आजीचं घर निघालं. नातू पुन्हा नववीत बसणार होता, आणि धाकटा यंदा पाचवीला जाणार होता.

सरांनीच बोलायला सुरुवात केली. दप्तर, गणवेश, ऑटो. आजीने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याले टाकतो ना जी. पर आंदी लिहून द्या, नववीत गेल्यावर काढनार नाई मनून."

मी म्हटलं, "बाई, असा काही नमुना नसतो आमच्याकडे."

"नसन तं बनवा ना बाप्पा. दाखल्याचा कसा बनवला होता."