सात बाटल्या, दोन घरे: स्ट्रॉबेरीच्या रोगांमागे वाई–महाबळेश्वरची दोन दिवसांची फेरी

गेल्या हंगामात सुरगाणा तालुक्यात बोरगावजवळ माझ्या मेहुण्यांच्या वीस गुंठ्यांत आम्ही प्रथमच स्ट्रॉबेरी लावली. मी दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार असल्यामुळे डाउनी (केवडा), भुरी आणि करपा या बुरशीच्या रोगांशी माझा रोजचा संबंध असतो, आणि त्याच भरवशावर फवारणीचे वेळापत्रक मी आखले होते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नऊ फवारण्या झाल्या. तरीही सापुतारा रस्त्यावर विक्रीला नेलेल्या पनेटमध्ये (फळांच्या छोट्या प्लॅस्टिक डब्यांत) दुसऱ्या दिवशी फळांवर करडी लव दिसू लागली आणि बरीच झाडे उभ्या उभ्या कोमेजली. दुकानदाराच्या सांगण्यावरून मात्रा वाढवली, तिचाही उपयोग झाला नाही. म्हणून यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आमची रोपे जिथून आली तो मुलूख पाहण्यासाठी, आम्ही दोघे वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या पट्ट्यात दोन दिवस फिरून आलो. जे कोणी याच कामासाठी जाणार असतील त्यांच्या उपयोगी पडेल एवढे येथे लिहीत आहे.

पुण्याहून सातारा महामार्गाने आल्यास सुरूर फाट्याला वळून वाईतच मुक्काम करावा. तो स्वस्त पडतो आणि पाचगणी तेथून घाटाने सुमारे बारा किलोमीटरवर आहे. शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावा, कारण पसरणी घाटात आणि गुरेघरपाशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि शेतकरीही त्या दिवशी विक्रीत गुंतलेला असल्यामुळे धड बोलू शकत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे शेतात सकाळी सातला पोहोचावे. आम्ही पहिल्या दिवशी भिलारच्या बाजूला पोहोचलो तेव्हा गादीवाफ्यांवरील पानांच्या कडांना दवाचे थेंब ओळीने लटकलेले होते आणि मल्चिंगच्या काळ्या कागदावर पाणी साचले होते. तेच शेत साडेदहाला पाहिले तर कोरडे, तजेलदार आणि निरोगी वाटले. करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, पंधरा ते पंचवीस अंश तापमान आणि पानाफुलांवर बारा-एक तास टिकणारा ओलावा मिळाला की तिचे काम होते. त्यामुळे दव किती वाजता सुकते हा आकडा औषधाच्या मात्रेइतकाच मोलाचा आहे. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात हिवाळ्यात दव गोठून पांढरे होते त्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात; शेतकऱ्याला मात्र त्या छायाचित्रात ओलाव्याचे तास दिसायला हवेत.

आमचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, दवात भिजलेली पाने हाताने बाजूला सारून एकेक झुपका दाखवत होते. वरून लालबुंद दिसणाऱ्या एका फळाच्या देठाशी, हिरव्या टोपीखाली, मसुराएवढा तपकिरी डाग होता. त्याच झुपक्यात एक वाळलेली पाकळी अर्धवट पिकलेल्या फळाला चिकटलेली होती, आणि ती सोडवली तेव्हा खालचा भाग मऊ लागला. भिंग लावल्यावर पाकळीच्या कडेला राखेसारखे बारीक तंतू दिसले. आम्ही करडी लव फळावर शोधत होतो आणि फळाला धरून फवारत होतो. लागण मात्र फुलोऱ्यातच होऊन, फळ पिकेपर्यंत बुरशी गप्प बसलेली असते. त्याच वाफ्यात आणखी एका फळावर आत दबलेला, गोल, गडद डाग होता आणि त्याच्या मध्यावर केशरी-गुलाबी चिकट थेंब होता. हा करपा, कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीचा. त्याला थोडी ऊब आणि पावसाचे किंवा तुषाराचे उडणारे थेंब लागतात, म्हणून अवकाळी पावसानंतर तो उसळतो. (अवकाळी नावाचे गावच महाबळेश्वर तालुक्यात आहे, तिथल्या लोकांना आम्ही काय सांगणार!) ज्याला हे दोन डाग वेगळे ओळखता येत नसतील त्याने झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओला टिश्यू घालून संशयित फळ दोन-तीन दिवस खोलीत ठेवावे. करडी मखमल आली तर बोट्रायटिस, गुलाबी चिकटा आला तर करपा. आम्ही असे चार डबे भरले होते. त्यांपैकी तिघांत मखमल उगवली.

यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, आणि माझ्या मते संपूर्ण फेरीचे मोल त्या अर्ध्या तासात होते. फळीवर बुरशीनाशकांच्या सात बाटल्या-पुड्या मांडलेल्या होत्या. आबांचा ठाम समज होता की ते दर वेळी औषध बदलतात, आणि नावे पाहिली तर ते खरेही होते. मी व्यापारी नावे झाकून फक्त आतले घटक वाचत गेलो. पहिल्यात ॲझॉक्सीस्ट्रोबिन, दुसऱ्यात ॲझॉक्सीस्ट्रोबिन आणि डायफेनोकोनॅझोल, तिसऱ्यात ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन आणि टेब्युकोनॅझोल, चौथ्यात पायराक्लोस्ट्रोबिन आणि मेटिराम. म्हणजे चारही ठिकाणी ‘स्ट्रोबिन’ हजर, अर्थात गट ११ (औषध बुरशीवर कसा घाव घालते त्यावरून दिलेला क्रमांक). पाचव्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब, सहाव्यात थायोफॅनेट मिथाइल, जे वनस्पतीत गेल्यावर कार्बेन्डाझिमच होते. दोन्ही गट १. सातवी पुडी कॅप्टनची होती, निम्मी वापरलेली आणि धूळ बसलेली. जोडीला असलेले डायफेनोकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल हे गट ३ चे असले तरी बोट्रायटिसवर ते फारसे चालत नाहीत, त्यामुळे त्या मिश्रणांत करड्या बुरशीपुरता सगळा भार स्ट्रोबिनवरच होता. आबा थोडा वेळ फळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजी पंगतीला सात जण बसलं, पण घरं दोनच.” धूळ खात पडलेले कॅप्टन सोडले तर हिशेब बरोबर होता. मला हसू आले, पण लगेच माझ्या वहीतील नऊ फवारण्या आठवल्या. चार स्ट्रोबिनच्या, दोन कार्बेन्डाझिमच्या, आणि तीन चक्क डाउनीच्या औषधांच्या, ज्यांत मेटॅलॅक्झिल किंवा सायमोक्झॅनिल होते. हे घटक डाउनी आणि फायटोप्थोरा (मुळे व गड्डा कुजवणारा रोगजंतू) यांच्या कुळावर चालतात, बोट्रायटिसवर चालत नाहीत. त्या तीन फवारण्यांत काही उपयोग झाला असेल तर तो सोबतच्या मॅन्कोझेबचा. द्राक्षाची सवय स्ट्रॉबेरीला अशी महागात पडली.

बुरशी औषधाला सरावते असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात ती सरावत नाही, निवडली जाते. लक्षावधी बीजाणूंत एखाददुसरा असा असतो की औषध ज्या एका ठिकाणी घाव घालते तिथे त्याची रचनाच किंचित वेगळी असते. कार्बेन्डाझिम आणि स्ट्रोबिन दोन्ही एकेकाच ठिकाणी घाव घालणारी आहेत. फवारणीने बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढच्या दवात रान मोकळे मिळाल्यामुळे तोच फोफावतो. या दोन गटांत हा बदल झाला की मात्रा दुप्पट करूनही गुण येत नाही, कारण औषध जिथे बसायचे ती जागाच बदललेली असते. कॅप्टन, मॅन्कोझेब, गंधक आणि तांबे ही औषधे मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करतात, म्हणून त्यांच्याबाबत हा धोका फार कमी आहे. महाबळेश्वरातच राहुरी कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथे तांबेऱ्याची बुरशी गव्हाच्या चांगल्या जातींना कशी चकवते याचा अभ्यास चालतो. स्ट्रॉबेरीच्या शेतातून त्या बाजूने जाताना मनात हेच येत होते की वाण असो वा औषध, बुरशीची युक्ती एकच असते.

येथे अमेरिकेतील फ्लोरिडाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षे लावल्या जाणाऱ्या स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या दोन्ही जाती फ्लोरिडा विद्यापीठाच्या आहेत आणि तेथेही लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होऊन हिवाळाभर तोडे चालतात. तेथील संशोधकांना बोट्रायटिसमध्ये थायोफॅनेट मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन आणि बोस्कॅलिड या तिघांना दाद न देणारे प्रकार मोठ्या प्रमाणावर सापडले, आणि पुढे करप्याच्या बुरशीतही ॲझॉक्सीस्ट्रोबिनला न जुमानणारे प्रकार आढळले. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. बाहेरच्या रोपवाटिकांतून आलेली रोपे लागवडीपूर्वी तपासली असता त्यांच्यावरच प्रतिकारक बोट्रायटिस आधीपासून बसलेली आढळली. म्हणजे शेतकऱ्याने हंगामातील पहिली फवारणी करण्याआधीच निम्मी बाजी हरलेली असू शकते. आपल्याकडेही हाच मार्ग आहे. मातृरोपे परदेशातून येतात, वाईच्या बाजूला पावसाळ्यात त्यांची वाढ करून धावत्या फांद्यांपासून रोपे केली जातात, आणि तीच रोपे पुढे भिलारला, मेटगुताडला किंवा आमच्या बोरगावला जातात.

दुसऱ्या दिवशी मेटगुताडजवळच्या एका शेतात कोमेजलेली झाडे पाहिली. मर दिसली की बहुतेक जण मुळाशी औषध ओततात. त्याआधी एक झाड उपटून त्याचा गड्डा (मुळांवरचा आखूड, जाड खोडाचा भाग) सुरीने उभा चिरून पाहावा. आत घट्ट पण लालसर-तपकिरी, संगमरवरी शिरांसारखे पट्टे असतील तर संशय कोलेटोट्रायकमवर घ्यावा, आणि तिथे मेटॅलॅक्झिल ओतणे व्यर्थ आहे. फायटोप्थोराचा गड्डाही तपकिरी होतो आणि झाड वरच्या भागाशी चटकन तुटते, त्यामुळे खात्री नसल्यास नमुना प्रयोगशाळेत द्यावा. सुरी प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी, आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना बुटांचे तळ धुवावेत. पाहुण्यांनी रोग वाटत फिरू नये. रोगट रोप किंवा पाने कौतुकाने घरी आणणेही टाळावे, डब्यातले फळ पाहून झाले की पुरून टाकावे.

मेटगुताडच्या या शेतकऱ्याची मांडणी मला फार आवडली. ते दर आठवड्याला एक बाई जुनी पाने, सुकलेल्या फुलोऱ्याचे दांडे आणि सडकी फळे काढून बादलीत भरण्यासाठी लावतात, आणि ती बादली बांधावर न ओतता खड्ड्यात पुरतात. फवारणीचा पाया कॅप्टनचा आहे. एकाच ठिकाणी घाव घालणारे औषध ते फुलोरा भरात असताना आणि ओलावा लांबण्याची चिन्हे असतानाच घेतात, एक गट लागोपाठ दोनदा घेत नाहीत आणि हंगामात दोनच्या पुढे जात नाहीत. टाकीतील पाणी अल्कधर्मी असेल तर कॅप्टन काही तासांतच निकामी होऊ लागते, म्हणून द्रावण कालवून जेवायला जाऊ नये. तेलाच्या फवारणीच्या मागेपुढेही ते घेऊ नये, पाने भाजतात. त्यांनी चार वाफ्यांच्या टोकाला दहा-दहा फूट पट्टा एका संशयित औषधाशिवाय सोडला होता. फवारलेला आणि सोडलेला पट्टा सारखेच सडत असतील तर ते औषध त्यांच्या शेतात संपले असे ते धरतात. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाने शेतकऱ्यांचे नमुने घेऊन कोणता गट चालतो हे कळवण्याची सोय केली होती. तशी सोय हाताशी नसताना हा दहा फुटांचा पट्टा पुष्कळ काही सांगतो.

तोडा एक दिवसाआड असतो, त्यामुळे ज्या औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) आठवड्याचा आहे ते भर हंगामात वापरणे प्रामाणिकपणाचे नाही. विशेषतः ज्या शेतात पर्यटक झाडावरचे फळ तोडून न धुता तोंडात टाकतात तिथे. लेबलावर स्ट्रॉबेरीचे नाव आहे की नाही हेही विकत घेताना वाचावे. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे मांघर याच तालुक्यात आहे, आणि परागीभवन अपुरे झाले तर फळ वेडेवाकडे होते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.

परतताना वाईजवळच्या एका रोपवाटिकेत थांबलो. पावसाळ्यात रोपांवर काय काय फवारले याची नोंद मागितली तेव्हा मालक आधी हसले. असे कोणी विचारत नाही म्हणाले. नोंद नव्हती, पण खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत औषधांची बिले होती. ती तारीखवार लावली तेव्हा जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात स्ट्रोबिनची खरेदी पाच वेळा झालेली दिसली. मी हंगामात दोनदाच घ्यायचे म्हणून जे गणित मांडत होतो ते रोप माझ्याकडे पोहोचण्यापूर्वीच ओलांडलेले होते. पुढे जाणाऱ्यांनी ही पिशवी जरूर मागावी, आणि ती ऑगस्टच्या आत मागावी, कारण सप्टेंबरमध्ये रोपे उचलण्याच्या गर्दीत कोणी कागद शोधून देत नाही.

बरीच चर्चा होऊन असे ठरले की पुढच्या हंगामासाठीच्या आमच्या बारा हजार रोपांपैकी तीन हजार वेगळी ठेवायची, त्यांच्यावर गट ११ आणि गट १ अजिबात मारायचा नाही, कॅप्टनवर आणि पाने काढण्यावर भागवायचे. मालकांनी अट घातली की या तीन हजारांत मर झाली तर ती आमच्या माथी. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि त्यांनी विसार मोजून दिला.