जुना डीएक्स-७ : आधी व्होल्टेज, मग बॅटरी

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाच्या तरी माळ्यावरून ऑर्केस्ट्राच्या काळातला कीबोर्ड उतरतो आणि विचारणा होते: ‘यामाहाचा डीएक्स-७ आहे, पडद्यावर नावांऐवजी भलतीच चिन्हं येतायत. भंगारात देऊ का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मुळीच देऊ नका. अशा वेळी पहिला संशय आतल्या तीन व्होल्टच्या बॅटरीवर घ्यायचा.

हे वाद्य १९८३ सालचं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीत एक लहर दुसरीची कंपनसंख्या हलवते आणि त्यातून घंटेसारखे, धातूसारखे नाद निघतात. अशा लहरी काढणारे सहा भाग, म्हणजे ऑपरेटर, आणि ते जोडायच्या ३२ रीती. ऐंशीच्या दशकातला तो किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो याच यंत्राचा. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नकला भरपूर आहेत, पण मूळ वाद्य चालू ठेवण्यासारखं आहे, असं आमचं ठाम मत.

प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानी बाजारासाठीचा नग असेल तर तिथे १०० व्होल्ट असतं. तो आपल्या २३० वर थेट लावला की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. १०० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीए क्षमतेचा पुरतो.

चालू झाला की ‘फंक्शन’ दाबून १४ क्रमांकाचं बटण दाबा, बॅटरीचं व्होल्टेज दिसेल. तीनच्या आसपास असेल तर ठीक, अडीचच्या खाली गेलं असेल तर बदला. पण लगेच नाही! बॅटरी काढली की आतले ३२ आवाज पुसले जातात. गरब्यासाठी कुणी खपून शहनाई, बासरी बसवलेली असेल तर ती दुसरीकडे कुठे मिळायची नाही. आवाजांची नावं नीट दिसत असतील तर आधी ते आवाज संगणकावर उतरवून घ्या.

त्यासाठी वाद्य मिडीने (वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची पद्धत) संगणकाला जोडा आणि फंक्शनमध्येच ८ क्रमांकाचं बटण दाबत जा. ‘सिस इन्फो’ ला ‘येस’ द्या, पुन्हा ८ दाबा, ‘मिडी ट्रान्समिट’ विचारलं की परत ‘येस’. संगणकावर ४१०४ बाइटची फाइल यायला हवी. कमी आली तर दोष बहुधा स्वस्त यूएसबी-मिडी केबलचा असतो, लांब संदेश ती मध्येच तोडते.

आता वीज काढा. सेल सीआर२०३२, पण पाय जोडून बोर्डावर डाग दिलेला (सोल्डर केलेला). नव्या सेलला थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो. त्याऐवजी होल्डर डागा, धन-ऋण तपासा आणि मग सेल बसवा.

परत भरताना ‘मेमरी प्रोटेक्ट’चं ‘इंटर्नल’ बटण दाबून ‘नो’ द्या, नाहीतर फाइल पाठवली जाते पण आवाज जुनेच राहतात. मूळचे आवाज आधीच गेले असतील तर कारखान्याच्या आवाजांची फाइल इंटरनेटवर मिळते, तीही याच वाटेने भरायची.