आत्याला विचारलं तेव्हा

बाबांचं मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, माझ्याकडे होतं. रीतसर केलेलं, सही-शिक्क्याचं. त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला, वाचा गेली, आणि समोर कोण आहे हेही कळेनासं झालं. दवाखान्याचे पैसे भरायचे होते म्हणून तो कागद घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "ते स्वतः फोनवर बोलू शकतील का?" मी नाही म्हटलं.

वकिलांनी मग समजावलं. अधिकार देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं, कारण देणाराच उरत नाही. बऱ्याच देशांत कायदा असाच आहे. समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र काही ठिकाणी करता येतं. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९८५ साली कायदा झाला. पण तिथेही सही समज शाबूत असतानाच व्हावी लागते. आम्हाला कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागला. आदेश हातात आला तेव्हा बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्याच खात्यात त्यांच्याच औषधपाण्याचे पैसे होते आणि आम्ही उसने घेत होतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आत्याच्या घरी एकच बिल दोनदा भरलेलं दिसलं, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. काका जाऊन बराच काळ झालाय, मूलबाळ नाही. जन्मभर तिनं हिशेब विभागात नोकरी केली. पासबुकात पैशाचा फरक आला तरी तिला झोप लागायची नाही. तिच्या एका चेकवर अक्षरात एक रक्कम होती आणि आकड्यात दुसरीच.

पैशांचे व्यवहार ही डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, लवकर बिघडणारी गोष्ट आहे. गप्पा, आठवणी, विनोद सगळं जागेवर असतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण अशी प्रत्येक चूक म्हणजे डिमेन्शिया असंही नाही. डॉक्टरांनी आधी बी-१२, थायरॉइड, तिच्या चालू गोळ्या, कान आणि मन:स्थिती हे सगळं तपासलं. बी-१२ बरंच कमी निघालं, ते भरून काढलं. तरी वर्षभरानं निदान झालंच: सुरुवातीचा अल्झायमर.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना मला एक गोष्ट कळकळीनं सांगायचीय. निदान झालं म्हणजे निर्णयक्षमता संपली, असं नसतं. क्षमता त्या-त्या निर्णयापुरती बघायची असते. गुंतवणुकीचा गुंतागुंतीचा कागद कळत नसेल, पण आपलं घर कुणाला द्यायचं, आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे त्याच माणसाला नीट सांगता येऊ शकतं. हा काळ मात्र थोडा असतो.

आम्ही तो वाया जाऊ दिला नाही. आत्याचं डोकं सकाळी जास्त स्वच्छ असतं, म्हणून सगळी कामं सकाळीच ठेवली. चष्मा डोळ्यावर, यंत्र कानात. मृत्युपत्र वाचून दाखवताना आम्ही तिघंही भाचरं मुद्दाम खोलीबाहेर बसलो. आमच्या दबावाखाली केलं असं उद्या कुणी म्हणायला नको. साक्षीदार दोघेही बाहेरचे, ज्यांना त्यातून काहीच मिळणार नाही असे. त्याच दिवशी डॉक्टरांकडून तिच्या समजेबद्दल लेखी दाखला घेतला. खाती, ठेवी, विमा, लॉकरची किल्ली हे सगळं तिनं स्वतः एका जाड वहीत लिहिलं. ते लिहिताना ती पुन्हा ऑफिसात बसल्यासारखी दिसत होती. तिच्यासाठी जो खर्च करील त्यानं तो त्याच वहीत मांडायचा, हा नियमही तिचाच.

कागद चार आठवड्यांत झाले. अवघड होतं ते विचारणं. तू पडलीस तर, तू आम्हाला ओळखेनाशी झालीस तर, नळीनं भरवायची वेळ आली तर. हे प्रश्न मी महिनाभर जिभेवरच ठेवले होते. शेवटी तिनंच वही पुढे ओढली नि म्हणाली, "विचार की गं. मला भीती वाटते म्हणून तू गप्प बसलीस तर माझं मलाच ठरवता यायचं नाही."

विचारायला मला एका जुन्या यादीचा आधार झाला. १९६३ साली सिडनी काट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टी मांडल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठबस, मल-मूत्रावरचा ताबा आणि जेवणं. बहुतेकदा अंघोळ सगळ्यात आधी सुटते, आपल्या हातानं जेवणं सगळ्यात शेवटी. मी यंत्रं, आयसीयू, कृत्रिम श्वास यांची तयारी करून गेले होते. त्यांची उत्तरं तिनं एकेका वाक्यात दिली. "नको. दुखू मात्र देऊ नका." अंघोळीपाशी ती थांबली. खूप वेळ खिडकीकडे बघत राहिली.

"बाई ठेव. पगारी. तू नाही घालायचीस."

मी तर ते माझंच काम धरून चालले होते. त्यातच माझं प्रेम आहे असंही मनात होतं. न विचारता केलं असतं तर रोज सकाळी तिला मान खाली घालायला लावली असती, आणि मला ते कळलंही नसतं. काय लिहायचं ते तिनं सांगितलं, मी लिहिलं, तिनं खाली सही केली.

दर सहा महिन्यांनी आम्ही ती वही उघडतो. मागच्या खेपेला कित्येक पानं तिला आपली वाटली नाहीत. अक्षर बघून म्हणाली, "कुणी लिहिलंय हे? छान लिहिलंय." बाई आता रोज येते. तिचं नाव आत्याच्या लक्षात राहत नाही, पण तिचा हात ओळखीचा झालाय.

अंघोळीचं पान आलं तेव्हा मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू घातलीस तरी चालेल आता," म्हणाली.

मी जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, तारीख घातली आणि वही तिच्याकडे फिरवली. सहीला बराच वेळ लागला. आडनावाचं शेवटचं अक्षर राहिलं, ते तसंच राहू दिलं.