टीव्ही नव्हता तेव्हाचा आमचा कार्यक्रम

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतली मुले मला वरचेवर विचारतात, ‘आजी, टीव्ही नव्हता तेव्हा तुमचा वेळ जायचा तरी कसा?’ तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: आम्ही रेडिओ ऐकत होतो, आणि त्यातही मुलांच्या कार्यक्रमाची वेळ कधी चुकवत नव्हतो.

मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोवर माझे बालपण नौपाड्यातल्या दोन खोल्यांत सरले होते. फळीवर व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, रेडिओ असे आणि त्याच्या परवान्याचे पैसे वडील दरवर्षी पोस्टात भरत. व्हॉल्व्ह तापून आवाज यायला वेळ लागे, म्हणून रेडिओ आधीच लावून ठेवायचा आणि स्टेशन नीट लागले की नाही हे दाखवणाऱ्या त्याच्या हिरव्या डोळ्यासारख्या दिव्यातली फट मिटेपर्यंत काटा हळूहळू सरकवायचा, हे काम माझ्याकडे होते. घर रुळांजवळ असल्यामुळे लोकल गेली की तारेवरच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत उमटे, आणि नेमका तेव्हाच गोष्टीतला राक्षस बोलत असला तर आम्ही भावंडे त्या गाडीवर मनापासून चिडत असू.

गोष्टी, गाणी, कोडी आणि नाटुकली, असे सगळे त्या कार्यक्रमात असे. मला सर्वांत प्रिय होती ती नाटुकली. त्यातला घोडा दौडू लागला की आम्हीही नारळाच्या करवंट्या फरशीवर आपटून तसाच आवाज निघतो का ते बघत असू. दिवे गेले तर तो भाग पुन्हा ऐकायला मिळत नसे. मग दुसऱ्या दिवशी मासुंदा तलावाच्या काठाने शाळेत जाताना मैत्रिणीकडून सगळी गोष्ट वदवून घ्यायची.

सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले की तिथल्या आकाशवाणी केंद्राचा ‘बालोद्यान’ हा मुलांचा कार्यक्रम ऐकायला मिळे. त्यातले ‘नाना’ म्हणजे ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर. नाना असोत की आमच्या मुंबई केंद्रावरची मंडळी, मुलांशी बोलायचे म्हणून ती आवाज बारीक करत नसत आणि अवघड शब्द टाळतही नसत. घाई न करता, प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारत, आम्ही समजूतदार आहोत असे धरूनच ती बोलत, आणि याचे मोल मला करमणुकीपेक्षाही अधिक वाटते. ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक शाळेत कोणी शिकवण्याआधीच माझ्या कानांत पक्का बसला, तो या मंडळींमुळेच.