ते डाग खर्र्याचे नव्हते

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात मी बरीच वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. चौथी-पाचवीतील काही मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत. घरातल्यांचे पाहून ही मुले खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊ लागली असावीत, नाहीतर दात घासत नसावीत, असे मी धरून चाललो होतो. एका मुलाला तर मी वर्गासमोर उभे करून विचारले. "रोज घासतो जी, गुरुजी," एवढेच तो म्हणाला, आणि पुढे वर्षभर तोंडावर हात ठेवूनच हसत राहिला.

तो खरे बोलत होता. खर्र्याचा डाग दातावर बाहेरून चढतो आणि दंतवैद्य तो बराचसा काढू शकतात. फ्लोरोसिसचा, म्हणजे पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे पडणारा डाग मात्र दात हिरडीखाली घडत असतानाच त्याच्या वरच्या आवरणात बसतो. पुढचे कायमचे दात पहिल्या काही वर्षांत घडतात. त्या वयात पोटात जादा फ्लोराइड गेले, की दात खडूसारखे पांढुरके पट्टे घेऊन उगवतात आणि हे पट्टे पुढे तपकिरी होत जातात. दुधाचे दात बहुधा पांढरेशुभ्र असल्यामुळे आईवडिलांना शंकाही येत नाही. डाग दिसतो तेव्हा ते पाणी पिऊन वर्षे उलटलेली असतात.

दोष खडकाचा आहे. फ्लोराइड असलेल्या खनिजांतून ते भूजलात विरघळते, आणि पाणी जितके खोल व जितका काळ खडकात मुरलेले, तितके प्रमाण वाढण्याची शक्यता अधिक. म्हणूनच एकाच गावात एका हापशीचे पाणी चांगले आणि हाकेच्या अंतरावरील दुसरीचे वाईट, असे घडते. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. जिभेला काही कळत नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसेच राहते. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते.

मग टूथपेस्टच्या डब्यावर फ्लोराइडची जाहिरात कशासाठी, असा प्रश्न मला पालकांनी अनेकदा विचारला, आणि तो रास्तच आहे. अल्प प्रमाणात हेच फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात 1945 साली ते नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळण्यास सुरुवात झाली. 1962 साली अमेरिकेत ठरवलेले प्रमाण लिटरला 0.7 ते 1.2 मिलिग्रॅम होते आणि ते हवामानावर अवलंबून होते: उष्ण प्रदेशातील माणूस जास्त पाणी पितो, म्हणून त्याच्या पाण्यात फ्लोराइड कमी हवे. 2015 साली तिथे सरसकट 0.7 ची शिफारस करण्यात आली. आपल्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 1 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत काम करणारी बाई दिवसाकाठी किती पाणी पिते, याचा हिशेब घातला तर 1.5 हा आकडा मला आपल्याकडे सैलच वाटतो.

उपाय नाहीत असे नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेनेच विकसित केली. नाव मात्र तेव्हाच्या आंध्रातील जिल्ह्याचे मिळाले. पद्धत स्वस्त आहे, पण रोज मात्रा मोजून टाकणारा आणि तळाचा गाळ नीट काढणारा माणूस लागतो, आणि गावात नेमके तिथेच घोडे अडते. त्यापेक्षा सुरक्षित विहिरीवरून किंवा नदीवरून नळाचे पाणी आणणे मला अधिक टिकाऊ वाटते.

आमच्या गावातील वस्तीजवळच्या हापशीला पाणी तपासणीनंतर लाल रंग दिला गेला. भांडी-कपड्यांसाठी ती चालू ठेवली, पिण्यासाठी नळ आला. पण उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी येत नसे, तेव्हा घागरी पुन्हा तिथेच लागत. त्या रांगेत मी स्वतःही उभा राहिलो आहे. दोन पावसाळ्यांत दांड्याचा रंग उडाला, आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना ती हापशी कधी लाल होती, हेही ठाऊक नव्हते.