न गाठलेलं भीमाशंकर

आपल्याकडे डोंगरात जायची भाषाच मुळी लढाईची. गड 'सर' करायचा, 'मोहीम' आखायची, कड्याला 'भिडायचं'. कॉलेजात असल्यापासून मीही हीच भाषा बोलत आलो. शनिवारी रात्रीची शेवटची एसटी, पहाटे पायथा, दुपारी माथा, आणि सोमवारी ऑफिसचा जिना कण्हत चढताना चेहऱ्यावर एक चोरटं समाधान. खांडसहून शिडीच्या वाटेनं भीमाशंकर मी तीनदा केलंय. हे 'केलंय'ही बघा. हरिश्चंद्रगड काय, भीमाशंकर काय, आम्ही ते 'करतो', सकाळी उठून पोळीभाजी करावी तसं.

मग लग्न झालं, लेक झाली, आणि पाठपिशवी माळ्यावर गेली. लेक सहा वर्षांची झाली तेव्हा ती खाली काढली आणि घरात जाहीर केलं, की नोव्हेंबरात सगळ्यांनी मिळून भोरगिरी ते भीमाशंकर चालायचं. शिड्या नाहीत, कडे नाहीत. भीमा नदी धरून तिच्या उगमाकडं चढत जाणारी सात-आठ किलोमीटरची वाट, अर्ध्याहून जास्त जंगलातून. 'सगळ्यांनी' म्हणजे मी, बायको, लेक आणि सदुसष्ट वर्षांची आई.

हिशोब माझ्याकडं तयार होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक नियम सांगून ठेवलाय: सपाटीला दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर सहाशे मीटर चढाईमागं आणखी एक तास. मी उदार मनानं त्याची दुप्पट केली. चार तास, फार तर साडेचार. दुपारी एकला देवळात. गाडीवाल्याला सांगितलं, तू गाडी घेऊन वळसा घालून मंचर-घोडेगावमार्गे वर ये.

पावसाळा मी मुद्दाम टाळला होता. त्या दिवसांत ही वाट हिरवीगार असते खरी, फोटोही तेव्हाचेच बघायला मिळतात. पण मध्ये ओढे आडवे येतात, आणि वर पाऊस झाला की घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला येतं. मोठ्यांनी काय तो जीवाशी खेळ करावा, पोरांना घेऊन नाही. दिवाळीनंतर पाणी निवळतं, चिखल वाळतो आणि जंगल अजून हिरवं असतं. पोराबाळांसाठी हेच दिवस.

राजगुरुनगर सोडल्यावर चासकमान धरणाचं पाणी कितीतरी वेळ सोबत करतं. वाडा मागं पडलं की डोंगर जवळ येतात आणि भातखाचरं सुरू होतात. भोरगिरीत पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. कापणी उरकत आली होती. खळ्यावर झोडणी चालली होती, आणि त्या धपधप आवाजात पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास मिसळला होता. गावालगत कोटेश्वराचं देऊळ, शेजारून नदी. भोरगिरीचा एक लहानसा किल्लाही आहे. तो मी मनात राखून ठेवला होता, वेळ उरला तर म्हणून. वेळ उरला नाही, हे आताच सांगून टाकतो.

खळ्यावरच्या एका मावशींनी विचारलं, "कुठं निघालाय?"

"भीमाशंकरला."

त्यांनी लेकीकडं पाहिलं, मग आईच्या साडीखालच्या कॅनव्हासच्या बुटांकडं. "जावा की," म्हणाल्या. "न्हाई झालं तर नदी हायेच."

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही किती चाललो असू? मागं वळून पाहिलं तर खळं दिसत होतं, मावशीही दिसत होत्या. वाट खाचरांच्या बांधावरून जाते. लेकीला प्रत्येक बांधावरून उडी मारायची होती, आणि उडी बरोबर बसली नाही तर परत जाऊन मारायची होती. एका खेकड्याच्या बिळापाशी दहा मिनिटं गेली. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या नीट रचून ठेवलेल्या होत्या, बुंदी पाडावी तशा. आतून एक नांगी बाहेर आली, हवेत थोडी हलली आणि आत गेली. एवढंच. पण लेक मांडी घालून बसली, की पुन्हा येईल. नेस्मिथसाहेबांच्या नियमात खेकड्याचं कलम नाही.

मी घड्याळ बघत होतो. आई माझ्याकडं बघत होती.

माझ्या आईनं निवृत्तीनंतर चार वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली आहे. सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस. मी गडकोटांच्या तोऱ्यात असल्यामुळं त्याला कधी 'चालणं' असं मोजलंच नव्हतं. ते देवाधर्माचं खातं. खाचरं संपून झाडी सुरू झाली तिथं एका जांभळीखाली ती न विचारता बसली आणि पिशवीतून दशम्या काढल्या. मी म्हटलं, "आई, आत्ताशी सव्वानऊ वाजलेत. ब्रेक अकराला घेऊ."

"ब्रेक नाही रे, विसावा," ती म्हणाली. "दोन्ही वेगळं असतं."

म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही, दशमीवर शेंगदाण्याची चटणी घालून हातावर ठेवली. पण मी ते दिवसभर चघळत राहिलो. ट्रेकमध्ये आपण थांबतो ते धाप लागली म्हणून. म्हणजे थांबणं ही चालण्यातली खोट, शक्य तितकी कमी करायची. वारीत विसावा आधीच ठरलेला असतो, मुक्कामासारखाच. कुठं न्याहारी, कुठं जेवण, कुठं नुसतंच टेकायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलंय. पुण्याहून सासवडचा मोठा टप्पा दिवेघाट चढून जातो, त्या दिवशीही कोणी घड्याळाला शिव्या घालत नाही. थांबणं हा तिथं चालण्याचाच भाग. माझ्यापेक्षा दसपट चाललेली बाई माझ्या घरात होती, आणि मी तिला बूट कसे बांधायचे ते शिकवत होतो.

जंगलात शिरल्यावर ऊन तुकड्यातुकड्यानं येऊ लागलं. जांभूळ, अंजन, आंबा, मध्येच हिरडा. या भागातल्या महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याचा मोठा आधार. कोवळा बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. हे सगळं भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातलं रान. अभयारण्य १९८५ सालचं, मुख्यतः शेकरूसाठी राखलेलं. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची मोठी खार, आपला राज्यप्राणी. जमिनीवर ती क्वचितच उतरते, त्यामुळं फांदीला फांदी भिडलेलं रान तिला लागतं. मध्ये चार झाडं तोडली तर तिचा रस्ताच तुटला.

शेकरू आम्हाला दिसली नाही, हेही सांगून टाकतो. घरटी दिसली. उंच फांदीच्या टोकाला काटक्या-पानांचे फुटबॉलएवढे गोळे. बायकोनं वाचलं होतं, की एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, एखादं पिल्लांसाठी, बाकीची झोपायला.

"एकटीला इतकी घरं?" आई म्हणाली. "आणि आपण वीस वर्षं एकाचे हप्ते फेडतोय."

अकराच्या सुमाराला वाट नदीत उतरली. नदी म्हणजे काय, तर काळे गुळगुळीत दगड, त्यांच्यामधून वाहणारं घोट्याएवढं पाणी, आणि तळाचे खडे मोजता येतील इतकी स्वच्छ एक कोंड. लेकीनं विचारलं, "बाबा, हा ओढा आहे का?"

"नदी आहे. भीमा."

तिचा विश्वास बसला नाही. ती एका दगडावर उभी राहिली, पुढच्या दगडावर उडी मारली, तिथून पलीकडच्या काठावर. दोन उड्यांत भीमा पार. मग तिनं आजीला हाक मारली, "आजी, ही नदी बघ केवढीशी!"

आई पाण्याशी वाकली, ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली. मला आधी कळेना. मग एकदम लक्षात आलं. ही हिची चंद्रभागाच. पंढरपुरात नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथं हिला चंद्रभागा म्हणायचं, पाणी हेच. भूगोलाच्या पुस्तकात मी ते पाठ केलं होतं: भीमा, लांबी ८६१ किलोमीटर, रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पण आईनं ज्या पाण्यात चार आषाढ्या अंघोळ केली ते, आणि लेकीनं आत्ता दोन उड्यांत ओलांडलं ते, ही एकच नदी आहे, हे मला तिथं दगडावर उभं असताना पहिल्यांदा कळलं.

"आजी, मग मी इथून पान सोडलं तर विठोबाकडं जाईल?"

"जाईल की. तुळापूरला इंद्रायणी भेटेल त्याला. आळंदीहून निघालेली तीच. पालखीसोबत नदी पण निघते, माहितीय ना?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, आधी चासकमानचं धरण आहे, पुढं उजनी, आणि मुळा-मुठा येऊन मिळते ती पुण्याची सगळी घाण घेऊन. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरताना आपण ज्याला नाक मुरडतो त्यात आपलाही वाटा आहे, वगैरे. सगळं खरंच होतं. पण बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी उरलेली माहिती गिळली.

लेकीनं एक रुंद पान निवडलं, त्यावर फुलासारखं काहीतरी ठेवलं आणि सोडलं. पान दोन दगडांच्या मधून डौलात गेलं आणि तिसऱ्याला अडकलं. ती बुटांसकट पाण्यात. मी ओरडलो, पण तोवर उशीर झाला होता. मग बुटांचा प्रश्न उरलाच नाही. बायकोही उतरली. आईनं साडी जरा वर खोचली आणि पाय सोडून बसली. लहान मासे येऊन टाचांना टोचायला लागले तशी ती लहान मुलीसारखी खिदळली. असं हसताना मी तिला फारसं पाहिलेलं नाही.

मी तेवढ्यात वाटेवर जरा पुढं जाऊन आलो. पुढं चढ सुरू होत होता, तासा-दीड तासावर गुप्त भीमाशंकर, मग देऊळ. चढाला मला नेहमीसारखी ओढ लागली, पायांना खाज सुटावी तशी. परत आलो तर चौघांसाठी दगडावर पानं मांडून झाली होती. भाकरी, पिठलं, कांदा. आईनं हातानंच फोडलेला.

जेवताना तिनं लेकीला गोष्ट सांगितली. शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, दमून इथं डोंगरावर टेकला, त्याच्या अंगातून घाम निथळला आणि त्याची ही भीमा झाली.

"म्हणजे देवानं पण विसावा घेतला?" लेक म्हणाली.

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फार मोठेपणा तिचा.

एक वाजला तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवरही नव्हतो. फोनला रेंज नव्हती. थोडं उंचावर चढून गाडीवाल्याला कसाबसा निरोप दिला, की वर थांबू नको, भोरगिरीला परत ये. तो त्या वेळी डिंभ्याच्या पुढं पोचला होता. त्यानं जे काही म्हटलं ते अर्धवटच ऐकू आलं, ते बरंच झालं.

परतताना खळ्यावर मावशी भेटल्या. "झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "नदीतच बसलो."

"मग झालं की," म्हणाल्या, आणि आईला घरात घेऊन गेल्या. आई बाहेर आली ती पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन. मागल्या हंगामाचा, जुना. भीमेच्या काठचा इंद्रायणी, याची तिला भारी गंमत वाटत होती.

गाडी यायला अंधार पडला. काचेशी वाळत घातलेले मोजे आणि पायाशी तांदळाची पिशवी, दोन्हींचा वास गाडीभर झाला होता. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. चासकमानचं पाणी चांदण्यात चमकायला लागलं तेव्हा तिनं अर्धवट डोळे उघडले.

"आजी, पान आलं इथवर?"

"येतंय," आई म्हणाली. "झोप तू."