तुम्ही विचारलंत म्हणून: गेमच्या रिमोटनं लकव्याचा हात सुधारतो का?

पेशंट लातूरचा असो की जिंतूरचा, नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, पोराचा तो हातात धरून खेळायचा गेम हाय, त्यानं आबांचा हात सुधरंल का?" दोन वाक्यांत उत्तर दिलं की कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१० मध्ये कॅनडात २२ पेशंटवर छोटी चाचणी झाली. निन्टेन्डो वी, म्हणजे हातात रिमोट धरून टीव्हीवर खेळायचा असाच एक गेम, तो खेळणाऱ्यांचा हात पत्ते आणि ठोकळे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेला दिसला. फिजिओथेरपीतल्या कितीतरी जणांनी, मीही, त्यावर आशा बांधली. मग २०१६ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. चार देश, १४१ पेशंट, लकवा होऊन तीन महिन्यांच्या आतले. नेहमीचे व्यायाम सगळ्यांना. शिवाय दोन आठवड्यांत तासा-तासाची दहा सत्रं, एका गटाला वीची, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडू यांची. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच. यंत्राचा वेगळा फायदा निघाला नाही. तो निकाल माझ्या मनाला लागला, अजून लागतो. वी सुरक्षित ठरलं, मागंही पडलं नाही, असं मी म्हणते तेव्हा ती बाजू सावरणंच असतं, हे मला कळतं.

मला दिसणारी अडचण रिमोटच्या आत आहे. त्यातला सेन्सर झटका मोजतो. तो झटका कोपरातून आला की सगळं धड पुढं फेकून, हे त्याला कळत नाही. टीव्हीवर पॉइंट वाढतात आणि हात चुकीची सवय लावून घेतो.

म्हणून बिनचाकांची खुर्ची घ्या, तळपाय जमिनीला पूर्ण टेकवा. छातीवरून उपरणं खुर्चीच्या पाठीला बांधा, श्वास अडणार नाही इतपत सैल. मूठ धरत नसेल तर रिमोट तळहातात ठेवून क्रेप बँडेजचे दोन वेढे द्या, बोटांची टोकं उघडी ठेवा. मधूनमधून नख दाबून रंग परततो का बघा. बधिर हाताला आवळल्याचं कळत नाही. खांदा सांध्यातून उतरला असेल तर हात खांद्याच्या वर नेणारा खेळ नको. सुरुवात पंधरा मिनिटांची, दुखलं की बंद. टीव्हीमागं उन्हाची खिडकी असेल तर पडदा ओढा: रिमोटच्या टोकाचा कॅमेरा सेन्सर बारमधले, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीतले, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे शोधतो, उन्हात तो गोंधळतो.

मग पत्तेच द्या की! हे मी स्वतःलाच विचारते. तूर निवडणं, अर्धा भरलेला तांब्या उचलून ठेवणं, ज्वारीची मूठ भरून सोडणं, हेही तितक्याच वेळा केलं तर चालेल. पण तितक्या वेळा करतं कोण? २००९ मध्ये छापलेल्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत लकव्याच्या उपचारांच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ भरल्या. गेममध्ये तेवढ्या बघता बघता होतात. आणि तालुक्याला यायला एसटीच धरावी लागणाऱ्या घरात सराव घरीच व्हायला हवा. यावर माझं मन अजून दोन्हीकडं ओढतं.

घरात आधीच गेम असेल तर पेशंटसोबत एकदा घेऊन या, बांधायचं कसं ते दाखवते. उसने पैसे काढून नवा घेऊ नका. आणि पेशंटला फिट येत असेल तर खेळण्याआधी सांगा.